थ्रॉटल वाढवताच चित्रात पट्टे येतात: मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या पाच इंची (पंख्यांचा व्यास) ड्रोनवरचा ५.८ गिगाहर्ट्झचा ॲनालॉग व्हिडिओ ट्रान्समीटर २०० मिलिवॅटवर, रेसबँडच्या (ड्रोन शर्यतींसाठीच्या चॅनेलसंचाच्या) पहिल्या चॅनेलवर म्हणजे ५६५८ मेगाहर्ट्झवर चालतो. मोटारी बंद असताना ड्रोनच्या कॅमेऱ्याचे गॉगलमधले चित्र स्वच्छ दिसते, परंतु थ्रॉटल (मोटारींचा जोर) निम्म्याच्या पुढे नेताच त्यावर आडवे पांढरे पट्टे सरकू लागतात, मग ड्रोन दहा मीटरवर असो वा शंभर मीटरवर. सिग्नल क्षीण असता तर चित्रात मुंग्या (ठिपके) आल्या असत्या, त्यामुळे दोष अँटेनाचा नसून वीजपुरवठ्याचा असावा, असे मला वाटते. ड्रोनवरची आणि गॉगलची अशा दोन्ही अँटेना उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्याच आहेत, हेही तपासले आहे. (अँटेना न लावता चालू केल्याने याआधीचा ट्रान्समीटर मीच जाळला होता, म्हणून आता जरा धास्तीच असते.)

कॅमेरा आणि ट्रान्समीटर या दोघांनाही सध्या चार सेलच्या बॅटरीतूनच थेट वीज मिळते. बॅटरीच्या तारांवर ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर जोडणे पुरेसे ठरेल, की दोघांनाही फ्लाइट कंट्रोलरच्या (उड्डाण सांभाळणाऱ्या सर्किटच्या) रेग्युलेटरवरून, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागावरून, वीज देऊन त्यांची ग्राउंडची तार एकाच ठिकाणी जोडावी? ज्यांनी हे दोन्ही उपाय करून पाहिले आहेत, त्यांनी कृपया आधी कोणता करावा ते सांगावे.