ग्रॅव्हिटी रोलर: जाड नळी आणि भारी बेअरिंगचा हट्ट कशासाठी?

उद्यमबागी (धागाकर्ता)

बेळगावात उद्यमबागेपासून होनग्यापर्यंत आणि पुढं निपाणीपर्यंत कुठूनही ग्रॅव्हिटी कन्व्हेयरची, म्हणजे उतारावर लावलेल्या, माल आपोआप खाली नेणाऱ्या रोलरच्या रांगेची चौकशी आली, तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रोलरची नळी किती जाड?" दुसरा: "बेअरिंग कुठल्या कंपनीचं?" खोकं केवढं, त्याचा तळ कसा, हे कुणी सांगतच नाही. विचारलं तर "खोक्याचं काय, ते जातंय की" असं उत्तर येतं.

माझं म्हणणं असं आहे. ग्रॅव्हिटी लाइनला मोटर नसते, ओढ फक्त उताराची. म्हणून हलक्या मालाला रोलर किती सहज फिरतो हे आधी बघायचं, किती झेलतो ते नंतर. ५० मिमी व्यासाची लोखंडी नळी दीड मिमी जाडीची घेतली तर मीटरला साधारण १.८ किलो भरते, ३ मिमीची घेतली तर जवळजवळ ३.५ किलो. गुळाचं १० किलोचं खोकं खाली येताना वाटेतला प्रत्येक थांबलेला रोलर फिरवत येतं. रोलर जितका जड, तितका वेग तो खातो. मग खोकं मध्येच थांबतं, मालक उतार वाढवायला लावतो, आणि उतार वाढला की खालच्या टोकाला खोकी एकमेकांवर आपटून फुटतात. या सगळ्याचं खापर उतारावर फुटतं, जाड नळीवर नाही.

दुसरा मुद्दा अंतराचा. खोक्याखाली कुठल्याही क्षणी कमीत कमी तीन रोलर हवेत. खोकं ३०० मिमी लांब असेल तर दोन रोलरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर १०० मिमीच्या वर जाता कामा नये. आपल्याकडं १५० ठेवून रोलर वाचवतात आणि वाचलेले पैसे जाड नळीत घालतात. खोकं मात्र दोन रोलरच्या मध्ये नाक खुपसून बसतं. त्यापेक्षा नळी पातळ घ्या आणि रोलर वाढवा.

बेअरिंगचंही तसंच. रबरी सील आणि आत ठासून भरलेलं ग्रीस म्हणजे उत्तम बेअरिंग, असा समज आहे. मोटरच्या रोलरला ते ठीक. पण दहा-बारा किलोच्या खोक्याला ते सील आणि ग्रीससुद्धा ओढत न्यावं लागतं. पातळ तेलावर चालणारं पत्र्याचं दाबीव बेअरिंग तिथं चांगलं पळतं. प्रिसिजन, म्हणजे घासून अचूक केलेलं बेअरिंगच हवं असेल तर पत्र्याच्या शील्डचं (न घासणाऱ्या झाकणाचं) आणि हलक्या ग्रीसचं सांगून मागवा.

आणि पाऊस विसरू नका. खानापूरच्या बाजूला जुलैत पुठ्ठा ओल धरतो, खोक्याचा तळ मऊ पडतो आणि रोलरच्या मध्ये झोळ धरतो. एप्रिलमध्ये मीटरला ४ सेंटीमीटर उतारावर सुळकन जाणारं खोकं तेव्हा अडतं. म्हणून स्टँडचे पाय वरखाली करता येतील असेच घ्यावेत. त्यासाठी खर्च करा म्हटलं की मात्र लोक हात आखडता घेतात.

वाळूतला माणूस

साहेब, तुमचा सगळा हिशेब गुळाच्या खोक्याचा. आमच्या फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, या एकदा.

साच्याची पेटी वाळूसकट २५० किलो. तीन रोलर खाली आहेत म्हणून तीननं भागायचं आणि एका रोलरवर ८३ किलो धरायचे, हे कागदावर. पेटीचा तळ कधी सपाट नसतो, रोलर बसवलेला चॅनेलही कुठंतरी दोन मिलिमीटर वर-खाली असतोच. खरं वजन दोनच रोलर घेतात, म्हणजे प्रत्येकी १२५. त्यात क्रेनवाला पेटी हळू टेकवतो असं समजणाऱ्यानं क्रेनवाला बघितलेला नाही. तिथं दीड मिमीची नळी पहिल्या आठवड्यात खोलगट होईल.

बेअरिंगचं तर सांगूच नका. हवेत वाळू, सिलिकाची धूळ, शेजारी ओतलेला साचा तापलेला. उघडं बेअरिंग म्हणजे वाळूला आवतण. आम्ही ७६ मिमीची ४ मिमी जाड नळी, २० मिमीचा स्पिंडल (मधला दांडा), त्यावर बसणारं ६२०४ नंबरचं बेअरिंग आणि बाहेरून चक्रव्यूह सील (धूळ आत जाऊ नये म्हणून वळणावळणाच्या फटीचं) वापरतो. गरम बाजूला सी-३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेलं बेअरिंग. फिरायला जड आहे, मान्य. माणूस ढकलतो. पण रोलर अडकला तर पुढची सगळी लाइन उभी राहते, आणि तोवर भट्टीतलं लोखंड वाट बघत नाही.

उद्यमबागी

तुमच्या साच्याच्या लाइनबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिथं माल उतारावर सोडतच नाहीत, लेव्हलला ठेवून ढकलतात. मी उताराचं बोलतोय. पण तुमच्याच कारखान्यात साफसफाई होऊन गेलेला तयार माल पॅकिंगला येतो, तिथं वीस किलोची खोकी असतात. त्या लाइनलाही ७६ चे रोलर का?

वाळूतला माणूस

कारण स्टोअरमध्ये एकच साइज ठेवायची. रात्रपाळीला रोलर गेला तर पोरगं अंधारात कुठला उचलेल याचा नेम नाही. एक नळी, एक स्पिंडल, एक बेअरिंग. तुमच्या हिशेबात हा खर्च कुठं आहे?

चिकोडीची ताई

आमचं गुळाचं पॅकिंग युनिट आहे. जाडी-पातळीपेक्षा आम्हाला त्रास झाला तो गंजाचा. गूळ ओल खेचतो, चिकट पाणी सुटतं, रोज धुवावं लागतं. झिंक प्लेटिंगवर पांढरी बुरशी चढावी तसा थर आला आणि मग तांबूस डाग. म्हणून स्टेनलेसचे रोलर घेतले. पुरवठादारानं सांगितलं ३०४ ग्रेड, आम्ही चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही, पैसे दिले.

नंतर कळलं की २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. दोन्हीत फरक निकेल आणि मँगनीजचा: ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या पुढं, २०२ मध्ये ४ ते ६ आणि मँगनीज भरपूर. मँगनीज दाखवणारं टेस्टिंगचं द्रावण मिळतं, त्याचे थेंब टाकून बघायचं. आणि नळी खरोखर ३०४ असली तरी आतलं बेअरिंग आणि ते ज्यात बसतं ती वाटी साधी लोखंडी असते. बाहेरून चकचकीत आणि टोकातून गंजाचं पाणी गळतंय. ऑर्डर देताना नळी, वाटी, बेअरिंग, स्पिंडल, चारही वेगवेगळे लिहून घ्या. "एसएस रोलर" एवढंच लिहिलं की फसलात.

खानापूरचा काजूवाला

ताई, एवढा खटाटोप कशाला? पीव्हीसीची नळी घ्या. गंज नाही, आवाज नाही, वजनाला हलकी म्हणजे वरच्या साहेबांच्या हिशेबातही बसते. आमची २२.६८ किलोची काजूची खोकी मस्त जातात. फक्त जुने पत्र्याचे डबे सुटे सोडू नयेत, तळाची कड अडते. खाली प्लायवूडची फळी द्यायची.

चिकोडीची ताई

तुमचं युनिट कोरडं आहे, दादा. आमच्याकडं गरम पाण्यानं धुतात, त्यात पीव्हीसी मऊ पडते. शिवाय पोरं खोक्याची पट्टी रोलरवर ठेवूनच कापतात. एकदा चीर पडली की त्यात गूळ बसतो, मग मुंग्या, मग तपासणीवाले. आम्ही नाही घेणार.

लेथवाला काका

सगळे रेडिमेडच्याच नादाला लागलाय की ओ! कंपनीचा रोलर टोकाला दाबून बंद केलेला असतो, बेअरिंग गेलं की अख्खा रोलर भंगारात. आम्ही इथं उद्यमबागेत वाटी टर्निंग करून देतो, सर्कलिप (बेअरिंग अडवून धरणारी कडी) काढला की बेअरिंग हातात. पाच वर्षांनी नळी तीच, बेअरिंग नवं.

उद्यमबागी

काका, बेअरिंग बदलता येतं हे शंभर टक्के खरं, आणि वाळूतल्या माणसानं तुमच्याकडूनच घ्यावेत. पण नळी बाजारातली ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी वाकवून वेल्ड केलेली पाइप असते. आत वेल्डिंगची शिवण, गोलाई कमी-जास्त. वाटी कितीही चोख टर्निंग केली तरी ती बसणार वाकड्या नळीत. रोलर फिरताना एक मिलिमीटर जरी उड्या मारत असला तरी हलकं खोकं प्रत्येक रोलरवर ठेचाळतं. दोन्ही टोकं आतून एका सेटिंगमध्ये बोअर करून द्याल का?

लेथवाला काका

देतो की. रेट ऐकून लोक कोल्हापूरजवळच्या शिरोलीला पळतात, तिकडून ई-वे बिल करून आणतात, आणि बिघडलं की दुरुस्तीला परत माझ्याच दारात.

साखरेचा हिशेबनीस

एक कोरडी सूचना. ५० किलोचं साखरेचं पोतं ग्रॅव्हिटी रोलरवर कुठल्याच जाडीत जात नाही. पोतं दोन रोलरच्या मध्ये बसकण मारतं. त्याला पट्टाच लागतो. आमच्याकडं दर हंगामात कुणीतरी हा प्रयोग सुचवतं, म्हणून लिहिलं.

लेथवाला काका

आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन रोलर बोटानं भिर्रकन फिरवतं. जास्त वेळ फिरला तो चांगला म्हणून घेतं. तो कोरडा असतो म्हणून फिरतो!

उद्यमबागी

इथं काकांशी अर्धाच सहमत. कोरडा वाईट, पातळ तेलाचा नाही, आणि बोटाला दोन्ही सारखेच लागतात. म्हणून रिकामा रोलर फिरवून काही ठरवू नये. दोन मीटरचा तुकडा मागवा, आपल्या सर्वांत हलक्या खोक्यानं तळ ओलसर करून बघा, मग सर्वांत जडानं. हलकं अडलं तर उतार वाढवायचा, जड सुसाट सुटलं तर मध्ये ब्रेक रोलर (वेग आवरणारा) टाकायचा. दोन्ही एकाच उतारावर जमत नसतील तर लाइन दोन करा. आणि वळणावर सरळ रोलर लावू नका, खोकं बाहेरच्या कडेला घासत जातं. तिथं एका टोकाला निमुळते रोलरच हवेत.

वाळूतला माणूस

पॅकिंगच्या लाइनला दीड मिमीचे मागवून बघतो, स्टोअरवाल्याची कटकट मी बघून घेईन. पण जिथं हमाल खोकी आदळतात तिथला पहिला मीटर माझ्या ७६ च्याच रोलरचा राहणार.

उद्यमबागी

राहू द्या. फक्त त्या ७६ च्या रोलरच्या स्पिंडलची उंची नळीच्या फरकाच्या निम्म्यानं, म्हणजे १३ मिमीनं खाली घ्या, नाहीतर जोडावर पायरी पडेल.