कोळीवाड्यातले खळे कागदावर ‘रिकामे’ : हक्क कशाच्या आधारे सांगावा?

प्रश्न

मुंबईतल्या एका कोळीवाड्यात आमची चौथी पिढी राहते. घरांमागच्या मोकळ्या जागेला आम्ही खळे म्हणतो. तिथे जवळा आणि बोंबील सुकतात, जाळी दुरुस्त होतात, हळदीचा मांडव पडतो आणि एरवी मुले खेळतात. गेल्या पावसाळ्यात मोजणीला आलेल्यांनी तिची नोंद ‘रिकामी जागा’ अशी केली. आता एका कोपऱ्यात गाड्या उभ्या राहतात, एका शेजाऱ्याने भिंत पुढे घेतली आहे आणि पुनर्विकासाची बोलणीही सुरू झाली आहेत. जागा कुणा एकाच्या नावावर नसल्यामुळे हक्क कुणी सांगायचा, हेच कळत नाही.

प्रतिसाद १

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार जी जमीन कुणाच्याही मालकीची नाही ती शासनाची ठरते. त्यामुळे मालकीचा दावा टिकणे अवघड आहे. जोर द्यायचा तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीवर. नगर भूमापनाचा नकाशा आणि लगतच्या घरांच्या मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आधी काढून घ्या. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०११ च्या अधिसूचनेत, १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या अभिलेखांत दाखवलेले मुंबईतले कोळीवाडे नकाशावर आणावेत, असे स्पष्ट म्हटले होते. २०१९ मध्ये नवी अधिसूचना आली, त्यामुळे आपले खळे दोन्ही अधिसूचनांच्या नकाशांत कसे दाखवले आहे ते ताडून पाहा. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात दिलेला निकालही अर्जासोबत जोडण्यासारखा आहे.

प्रतिसाद २

मला वाटते, खरी चूक मोजणीच्या वेळेत आहे. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, पावसात मासळी सुकत नाही, मग खळ्यावर चिखलाशिवाय दिसणार काय? तीच जागा डिसेंबरात पाहिली, तर बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या बोंबलांच्या रांगांतून वाकूनच जावे लागते. फेरमोजणी मागाल तेव्हा ती हंगामात व्हावी, असा आग्रह धरा.

प्रतिसाद ३

मी वांद्र्याच्या एका गावठाणात वाढलो. १८९६ च्या प्लेगनंतर अशा वस्त्यांत ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले आणि त्यांच्यासमोरच्या जागेत सारी आळी प्रार्थनेला जमू लागली. आमच्या क्रूसापुढे आज चारचाकी उभी असते. प्रार्थनेच्या दिवशी ती हलवण्यासाठी मालकाला विनवावे लागते. ही जागा बिल्डरने घेतलेली नाही. आमच्याच लोकांनी आधी ओटा, मग पायरी, मग जाळीचे दार असे करीत ती कमी केली, आणि संबंध बिघडू नयेत म्हणून आम्ही गप्प राहिलो. तुमच्या शेजाऱ्याशी पंचांना घेऊन आत्ताच बोला, कारण ती भिंत राहिली तर पुढच्यांना अडवायला तोंड उरणार नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. रविवारी जमातीची बैठक आहे. वाळवण करणाऱ्या बायकांनाही तिथे बोलावतो, कारण कुणाच्या बांबूंची जागा कुठे होती ते त्यांनाच नेमके ठाऊक आहे.