सकाळी पहिल्या सेल्फला आरपीएम पडतो, पण रोज नाही

दौलतगंजकर
नमस्कार मंडळी. गाडी 2006 ची पेट्रोल, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली), चार सिलिंडर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर सगळे "विकून टाक" वर येतात. सकाळी सेल्फ मारला की लगेच सुरू होते पण काटा 500 च्या खाली, सगळी थरथरते, दोनदा तर बंदच पडली, थोडी रेस धरून ठेवली की दोनेक मिनिटांत ताळ्यावर येते आणि मग दिवसभर 800 ला शांत. पण रोज नाही ना! काल आपल्या ग्वाल्हेरला एवढा गारठा होता तरी झटक्यात 1400 वर, आणि गेल्या आठवड्यात चांगलं ऊन असताना नखरे. मिस्त्रीने प्लग आणि एअर फिल्टर बदलले, फरक शून्य, आता म्हणतोय पेट्रोल पंप टाकू. चेक लाइट नाही. गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच निघते, कधी मी नेतो कधी बाबा. बॅटरी उतरायची म्हणून दिवाळीत टर्मिनलला कटऑफ स्विच लावलाय, बाकी छेडछाड काही नाही.

मुरारचा मीटर
पंप टाकू नका हो एवढ्यात. चावी ऑनवर दोन-तीन सेकंद ठेवा, मागून घूंऽ आवाज येतो तो पंप, मग बंद, परत ऑन, असं तीनदा करून सेल्फ मारा. तरीही काटा पडला तर रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरल्याचा संशय बराचसा गेला. दुसरं म्हणजे कूलंटचं तापमान कॉम्प्युटरला सांगणारा दोन पिनवाला सेन्सर मीटरने मोजा, रेझिस्टन्स 20 डिग्रीला साधारण 2 ते 3 किलो-ओहम, 80 ला 300 ओहमच्या आसपास. डॅशबोर्डचा तापमानाचा काटा नीट चालतो म्हणून सेन्सर बरा समजू नका, बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळाच असतो.

नई सडक
व्हॅक्यूमचा पाइप फाटला असेल, माझा फाटला होता

थाटीपूरची ताई
पाइप फाटला की मॅप सेन्सरवाल्या (इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) गाडीत आरपीएम बहुतेक चढतो, पडत नाही. इथे उलट हवा कमी पडतेय. दादा, एक सांगा, हे नेमकं कुणी गाडी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी होतं? आणि तो स्विच कोण बंद करतं?

दौलतगंजकर
आयला. बाबा करतात, गाडी लावली की उतरून लगेच बोनेट उघडून. मी आळशी, मी नाही करत. आणि कालच्या आधी मीच लावली होती...

थाटीपूरची ताई
मग सापडलं असं धरा. थ्रॉटलच्या, म्हणजे रेस दिली की उघडणाऱ्या हवेच्या झडपेवर कार्बन जमला की गाडीचा कॉम्प्युटर हळूहळू शिकतो की आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) आयएसी व्हॉल्व्ह, म्हणजे आयडलपुरती हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, जास्त उघडायचा. बॅटरी तोडली की बऱ्याच जुन्या गाड्यांत हे शिकलेलं पुसतं, मग तो नव्या इंजिनाच्या हिशोबाने हवा देतो आणि काटा पडतो. शिवाय चावी काढल्यावर काही गाड्यांत कॉम्प्युटर थोडे सेकंद जागा असतो, आयएसी जागेवर नेऊन ठेवतो, बाबा तेवढ्यात वीजच तोडतात. थ्रॉटल बॉडी उघडून क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, आयएसीच्या मोटरमध्ये फवारा मारू नका. आणि मिस्त्री थ्रॉटलच्या स्टॉपरचा स्क्रू फिरवून आयडल वाढवायला निघाला तर हात धरा त्याचा, तो फॅक्टरी सेटिंगचा असतो.

मुरारचा मीटर
ताईंना मानलं. केबलवाली थ्रॉटल असेल तरच झडप हाताने उघडा, इलेक्ट्रॉनिक असेल तर नाही.

दौलतगंजकर
केबलवालीच आहे. रविवारी उघडली, झडपेच्या कडेला काजळ अक्षरशः तव्याच्या बुडासारखं. पुसून काढलं, गाडी गरम होईपर्यंत आयडलला सोडली. मग मुद्दाम तीन रात्री स्विच बंद ठेवला, तिन्ही सकाळी 1300 च्या वर. बाबांना म्हटलं चावी काढल्यावर निदान दहा आकडे मोजून मग बोनेट उघडा, तर म्हणे मी आधीपासून मोजतो. मोजत नाहीत.