'प्रेझेन्स'ला मराठीत काय म्हणाल? आणि 'ओपन' राहणं?

गोदाकाठ: सलाम मंडळी. नाशिकला शरणपूर रोडच्या आमच्या चर्चच्या महिला मंडळासाठी एक इंग्रजी पत्रक मराठीत करतेय, विषय असा की रोजच्या कामाधामात आपण देवाच्या प्रेझेन्सला ओपन राहावं. मी लिहिलं 'देवाच्या उपस्थितीसाठी खुले राहा'. सासूबाई म्हणाल्या, खुलं मैदान असतं, माणूस कसा खुला राहील? पाळकसाहेब म्हणतात सरळ 'समक्षता' लिहा. काय करू?

मायबोलीवेडा: समक्षता चर्चबाहेर कोण बोलतं? समक्ष म्हणजे डोळ्यांपुढे, सम् अधिक अक्षि. पंचांसमक्ष पंचनामा होतो. देव डोळ्यांना दिसत नाही, मग समक्षता कसली? सान्निध्य म्हणा. आणि कृपा करून 'सानिध्य' लिहू नका.

शरणपूरवाली: चर्चमध्ये बोलतात म्हणून ते मराठी नाही होय? बायबलात निर्गम ३३:१४ बघा, देव मोशेला म्हणतो मी स्वतः बरोबर येईन, तिथे हिब्रूत 'पानीम' आहे म्हणजे चेहरा. अक्षरशः 'माझा चेहरा येईल'. समोरासमोरचं नातं आहे ते. सान्निध्यात नुसतं शेजारी असणं येतं.

एकलहरेकर: माझी आजी निफाडकडची, तिला यातला एकही शब्द माहीत नव्हता. भाकरी थापताना मधेच थांबून 'परभू, हायेस ना हितं?' म्हणायची, हात पिठातच, जरा वेळ गप्प राहायची आणि मग पुढचा उंडा घ्यायची. १७व्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात स्वयंपाक करणारे ब्रदर लॉरेन्स हेच सांगायचे की कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ मला वेगळी नाही, भांड्यांच्या गोंगाटातही नाही. मग साधं 'जवळ' का नको?

मायबोलीवेडा: आजींचं मान्य, अगदी मान्य. पण छापायचं तर तोलाचा शब्द हवा. ना. वा. टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला तरी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. मिशनरी मराठीची गरज त्यांना पडली नाही.

शरणपूरवाली: मिशनरी मराठी म्हणून हिणवू नका हो. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या मिशनमध्ये शिकली, जेकब वेनराइट त्यांतलाच, १८७४ला लंडनमध्ये आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. अशा सगळ्यांनी मिळून इथे प्रार्थना केल्यात, तिथली बोली शुद्ध-अशुद्धच्या चाळणीत घालायची नाही.

गोदाकाठ: ते सगळं बरोबर, पण 'ओपन'चं काय?

रात्रपाळी: मी नर्स आहे. मला बायबलातला शमुवेल आठवतो, देवानं हाक मारली तेव्हा म्हणाला, 'बोल, तुझा दास ऐकत आहे'. पहाटे सलाईन बदलताना पेशंट काहीतरी पुटपुटतो, घाईत असलं की ते सुटतं, थांबलं की कळतं त्याला पाणी नकोय, कुणीतरी बसायला हवंय. देव मला तिथेच भेटलाय. म्हणून 'कान देऊन राहा' लिहा.

शरणपूरवाली: छान आहे, पण प्रकटीकरण ३:२०मध्ये येशू दाराशी उभा राहून ठोकतोय. कान दिला आणि कडी काढलीच नाही तर? 'मन मोकळं ठेवा' म्हणा.

मायबोलीवेडा: कान घ्या नाहीतर दार घ्या, पुढे सान्निध्यच बसतं.

एकलहरेकर: आमच्या संडे स्कूलच्या पोरांना तो उच्चारतासुद्धा येत नाही.

मायबोलीवेडा: मग शिकवा की पोरांना, शब्द कशाला टाकायचा?