सामुराई चिलखतांवरून चित्रे काढताना तपशील किती दाखवावा?

बोरूशाई (प्रश्न)
जपानी सामुराईंच्या चिलखतांवरून प्रेरणा घेऊन मी जलरंगातील एक चित्रमालिका करीत आहे. हुबेहूब नक्कल करण्याचा हेतू नाही, पण मूळ वस्तूचा मान राहावा असे वाटते. अडचण अशी की छातीवरच्या आणि खांद्यांवरच्या दोऱ्यांची वीण रेखाटत गेले की चित्राचा गालिचा होतो आणि आत माणूस असल्याचे जाणवतच नाही. काळे चिलखत रंगवले तर नुसता सपाट डाग उरतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उभीआडवी
आपण विणीपासून सुरुवात करीत असाल, तर असे होणारच. लोखंडाच्या किंवा कातड्याच्या 'कोझाने' नावाच्या लहान चकत्या शेजारी शेजारी बांधून त्यांची आडवी ओळ तयार करीत, तिला रोगण देत आणि अशा ओळी रेशमी दोऱ्यांनी एकीखाली एक टांगीत. दोरा हा येथे अलंकार नसून सांधा आहे. माणूस वळला की ओळी एकमेकींवर सरकतात, कमरेखालचे 'कुसाझुरी' हे झुलते भाग मांडीच्या हालचालीने वेगळे होतात. त्यामुळे आधी उघडे शरीर रेखाटावे, मग खांदा व कंबर यांचा कल पाहून ओळींच्या फक्त कडा वळवाव्यात, आणि दोरे सर्वांत शेवटी, तेही उजेड आणि सावली जिथे भेटतात तेवढ्याच पट्ट्यात काढावेत.

शिवाय कोणत्या काळातले चिलखत निवडता यावर बरेच अवलंबून आहे. घोड्यावरून धनुष्य चालवणाऱ्यांचे जुने 'ओ-योरोई' पेटीसारखे रुंद असून दाट विणीने झाकलेले असते. 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका आल्या. त्यांना तोंड देण्यासाठी पुढच्या काळातील 'तोसेई-गुसोकु' प्रकारात मोठे अखंड पत्रे आणि विरळ, जोडीजोडीने ओवलेले दोरे दिसतात. जलरंगासाठी मी हाच प्रकार सुचवेन, कारण त्यात मोकळे पृष्ठभाग मिळतात.

काजळरेघ
काळ्याविषयी थोडे. उरुशी झाडाच्या चिकापासून केलेले ते रोगण चकाकते, म्हणून त्यावर आकाश आणि जमीन यांचे प्रतिबिंब पडते. तयार काळा रंग टाळून गडद निळा आणि तपकिरी मिसळावा, चमकेच्या जागी कागद कोरा सोडावा आणि त्या कोऱ्या जागेची एक कड तीक्ष्ण, दुसरी ओल्या ब्रशने विरघळलेली ठेवावी. दाते मासामुने या जपानी सरदाराचे काळे चिलखत सरावाला उत्तम आहे: पत्रे साधे, आणि शिरस्त्राणावर एक बाजू लांब, दुसरी आखूड अशी चंद्रकोर. सगळे चित्र त्या तिरक्या चंद्रकोरीवर तोलता येते.

जुनापट
उभीआडवी यांच्याशी मी एका बाबतीत असहमत आहे. दाट वीण टाळण्यापेक्षा तिला रंगाचे सलग क्षेत्र मानावे. 'ई' नावाच्या सामुराई घराण्याच्या सैन्याची ओळखच लाल चिलखतांची होती. तिथे लाल रंगाच्या तीन-चार छटाच पुरतात, एकही दोरा काढावा लागत नाही. संदर्भासाठी एकोणिसाव्या शतकातील कुनियोशी या जपानी चित्रकाराची योद्धाचित्रे जरूर पाहावीत, परंतु चित्राची मांडणी शिकण्यासाठीच, कारण त्यांत नाट्य अधिक आहे. चिलखताच्या रचनेच्या खात्रीसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची छायाचित्रे पाहावीत. त्यांतील पुष्कळशी मुक्तपणे वापरता येतात.

बोरूशाई
सर्वांचे आभार. चिलखताचा मुखवटा रेखाटल्यास चेहऱ्यावरचा भाव हरवतो. तो वगळला तर चालेल का?

उभीआडवी
चालेल, पण त्याआधी अर्धा मुखवटा करून पाहावा. 'मेनपो' डोळ्यांखालचाच चेहरा झाकतो आणि शिरस्त्राणाची दोरी हनुवटीखाली घट्ट बसायला आधार देतो. कपाळाखालची सावली, त्यात डोळे आणि खाली मुखवट्याच्या कोरलेल्या सुरकुत्या, असा विरोध साधला तर भाव हरवत नाही. अनेक मुखवट्यांना आतून लाल रोगण असते. तिरक्या कोनातून काढल्यास कडेला त्या लालाची बारीक रेघ दाखवता येईल.