जुन्या गाडीच्या रंगावर वाळून बसलेलं पॉलिश कसं काढावं?

प्रश्न: 1960च्या दशकातली गाडी आहे. लाल रंग, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही. हाताने पॉलिश केलं, पण बॉनेटवर पांढरट पट्टे घट्ट बसलेत. जोर लावून पुसलं की बारीक ओरखडे उठतात. शिवाय फडकं लाल होतंय. रंगच निघतोय का? आणि हे पट्टे कसे घालवायचे?

प्रतिसाद 1: आधी कोरडं घासणं थांबवा, ओरखडे त्यानेच पडतायत. गाडी सावलीत घ्या आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा. मग तेच पॉलिश, वाटाण्याएवढं, पट्ट्यावर हलक्या हाताने पसरवा. ताज्या पॉलिशमधल्या तेलाने आणि ओलाव्याने जुना थर मऊ होऊन सुटतो. अर्ध्या मिनिटात, वाळायच्या आत, स्वच्छ मायक्रोफायबरने उचला. एका वेळी वीतभर जागाच घ्या.

फडकं लाल होणारच. क्लिअर कोट नसला की पॉलिश थेट रंगावर चालतं आणि वरचा ऑक्सिडाइज झालेला, म्हणजे हवेने-उन्हाने निस्तेज पडलेला, थर काढतं. पण निघालेला रंग परत येत नाही, त्यामुळे चमक आली की थांबा. सगळ्यात जास्त जपायचं ते कडांना आणि बॉनेटच्या उंच रेषांना: तिथे रंग पातळ असतो आणि पॅडचा दाबही तिथेच एकवटतो. त्यांवर आधीच मास्किंग टेप लावा.

प्रतिसाद 2: पट्टे पडण्याची नेहमीची कारणं दोन, तापलेला पत्रा आणि जास्त पॉलिश. साधारण 45 x 45 सेंमी भागाला वाटाण्याएवढे तीन थेंब पुरतात. थर इतका पातळ हवा की खालचा रंग दिसला पाहिजे. पुसायचं फडकं चौघडी घालून वापरा, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू भरली की लगेच पलटा, नाहीतर काढलेलंच पॉलिश पुन्हा पसरतं. फडकी धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, तंतूंवर त्याचा लेप बसतो आणि ती नीट टिपत नाहीत.

पॉलिश वाळल्यावर पुसायचं की ओलं असतानाच, हे बाटलीवर पाहा. दोन्ही प्रकार मिळतात.

प्रश्नकर्ता: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर?

प्रतिसाद 1: नको. जुना रंग नायट्रोसेल्युलोज लॅकर (जुन्या गाड्यांवरचा एक रंगप्रकार) असेल तर अल्कोहोलने तो मऊ पडू शकतो. थिनर तर अजिबात नाही, लॅकर त्यात विरघळतोच. अल्कोहोल वापरायचंच असेल तर डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेवर आधी तपासा.

प्रतिसाद 3: रबराच्या पट्ट्या आणि गाडीच्या नावाच्या अक्षरांच्या खाचांत अडकलेलं पॉलिश मऊ टूथब्रश आणि कार शाम्पूच्या पाण्याने निघतं. रंगावर ब्रश टेकू देऊ नका. पट्टे गेल्यावर वॅक्सचा पातळ हात द्या. पॉलिशने रंग उघडा पडतो, वॅक्स नसेल तर ऑक्सिडेशन लवकर परत येतं.