‘कमर्शियल अवेअरनेस’ला मराठीत काय म्हणावं?

मसुदाकार
मंडळी, एका भाषांतरात अडकलोय. मी मुंबईत कंपन्यांची कामं करणाऱ्या एका लॉ फर्ममध्ये आहे. इंटर्न म्हणून येणाऱ्या मुलांसाठी मराठीत एक टिपण करतोय. जिल्ह्याच्या गावांतून येणारी मुलं हुशार असतात, कायदा त्यांना येतो, पण इथे आपल्याकडून नेमकं काय हवंय हे त्यांना कुणी त्यांच्या भाषेत सांगत नाही. शेऱ्यांच्या फॉर्मवर एक रकाना असतो, कमर्शियल अवेअरनेस. आमच्याकडे त्याचं ‘व्यावसायिक जाणीव’ असं चालत आलंय. गेल्या खेपेला एका मुलीला ‘व्यावसायिक जाणीव वाढवायला हवी’ असा शेरा मिळाला. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर, ईमेलची भाषा एकदम अदबीची. तिने ‘प्रोफेशनल वागणं’ असा अर्थ घेतला, आणि मराठीच्या अंगाने पाहिलं तर तो बरोबरच आहे. तिला सांगायचं होतं ते वेगळंच: कायद्याबरोबर अशिलाच्या धंद्याचा आणि पैशाचाही विचार कर. मग शब्द कोणता वापरू?

शब्दखूण
‘व्यावसायिक’वर फार ओझं झालंय. व्यावसायिक शिक्षण, व्यावसायिक नाटक, व्यावसायिक सिलिंडर. पहिल्यात पोटापाण्याचं कौशल्य, दुसऱ्यात तिकीटबारी, तिसऱ्यात नुसतं ‘घरगुती नाही तो’. त्यात आणखी एक अर्थ कोंबू नका. ‘वाणिज्य’ हा स्वच्छ शब्द हाताशी आहे. वाणिज्य शाखा सगळ्यांना कळते. ‘वाणिज्यभान’ म्हणा.

लासलगावकर
वाणिज्यभान आमच्या बाजार समितीत कुणी उच्चारणार नाही, आणि ज्या गोष्टीबद्दल बोलताय ती तर तिथे रोज लागते. तिला ‘धंद्याची जाण’ म्हणतात.

एक उदाहरण सांगतो. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली. ओळखीतल्या एका निर्यातदाराचा माल न्हावाशेवाच्या वाटेवर होता आणि परदेशातला खरेदीदार करारावर बोट ठेवून बसलेला. मी त्याच्याबरोबर वकिलाकडे गेलो. तिथे एक सिनियर करार कायद्याच्या कलम ५६ वर बोलत होते, म्हणजे करार पार पाडणं अशक्य झालं तर काय होतं ते. सगळं बरोबर असेल. पण कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या शिकाऊ मुलीने मधेच विचारलं, “काका, माल या क्षणी कुठे आहे? भराई सुरू झाली होती का? कस्टम्सच्या ताब्यात कधी दिला?” कारण अधिसूचनेत सूट होती. अधिसूचना निघण्याआधी भराई सुरू झालेला किंवा कस्टम्सकडे सोपवलेला माल जाऊ शकत होता. मग तिचा पुढचा प्रश्न, “जे कंटेनर अडकतील ते परत आणून इथेच विकले तर क्विंटलमागे किती बट्टा बसेल?” कांदा थांबत नाही, तो सडतो. कोर्टात जिंकून आतबट्ट्यात जाण्यापेक्षा आज काय विकायचं ते आधी ठरवावं लागतं. त्या पोरीला धंद्याची जाण होती.

मसुदाकार
लासलगावकर काका, हे उदाहरण टिपणात घालू का? नाव-गाव काही देणार नाही.

लासलगावकर
खुशाल घाला.

काळा कोट
जिल्हा न्यायालयात आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. ‘व्यवहारज्ञान’ असताना नवा शब्द कशाला? आणि हा शब्द वकिलाला जसा शोभतो तसा दुसरा शोभत नाही. धर्मशास्त्रात ‘व्यवहार’ म्हणजे खटला, वाद. याज्ञवल्क्यस्मृतीतला व्यवहाराध्याय म्हणजे कोर्टकचेरीचाच अध्याय. सतराव्या शतकातल्या नीलकंठ भट्टांच्या ग्रंथाचं नाव ‘व्यवहारमयूख’, आणि मुंबई हायकोर्टात हिंदू वारसाहक्काच्या दाव्यांत त्याचा आधार घेतला जायचा. पुढे मराठीत जमिनीचा व्यवहार, पैशाचा व्यवहार असे अर्थ रुळले. कोर्ट आणि बाजार एकाच शब्दात आले. याहून चांगलं काय मिळणार?

टेम्सकाठ
काळा कोट, व्युत्पत्ती सुंदर आहे, पण आज ‘व्यवहारज्ञान’ म्हटलं की लग्नात आहेर किती करावा हे कळणं डोळ्यांपुढे येतं. मी लंडनमध्ये सॉलिसिटर आहे. इथे व्हेकेशन स्कीमला, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी फर्म सुट्टीत ठेवतात त्या छोट्या इंटर्नशिपला, बसलं की पहिल्या दिवसापासून हा शब्द कानावर पडतो, आणि त्यात एक बाजू आहे जी तुमच्या कुणाच्याच शब्दात येत नाही. फर्म हाही एक धंदा आहे. इथे वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहितात आणि अशिलाला त्याचं बिल जातं. सोप्या प्रश्नावर एखादा शिकाऊ दिवसभर बसून देखणं टिपण लिहितो. ते पैसे अशील देणार का? नाही दिले तर कोण सोसणार? हे ज्याला न सांगता सुचतं त्याच्या नावापुढे खूण होते. सकाळी पेपरातले मथळे पाठ करून येणारे पुष्कळ असतात. व्याजदर वाढला हे ते सांगतात, पण त्यामुळे आपल्या अशिलाच्या कर्जाच्या कोणत्या अटीला धक्का लागेल हे विचारलं की गप्प होतात.

ओवी
मला पहिल्या शब्दापेक्षा दुसऱ्याची काळजी वाटते. जाणीव, जाण आणि भान सरसकट अदलाबदल करून वापरू नका. जाणीव होते, आपोआप, कधी उशिरानेही. जाण येते, मुरल्यावर. गाण्याची जाण, मातीची जाण. भान ठेवावं लागतं, त्या-त्या घटकेला, आणि ते सुटतंही. महिना-दीड महिन्यासाठी आलेल्या मुलाकडे धंद्याची जाण कुठून असणार? त्याच्याकडून भानाचीच अपेक्षा करता येते. म्हणून ‘व्यवहारभान’.

शब्दखूण
‘भान’शी सहमत. ‘धंदा’ मात्र नकोच. त्या शब्दाला नको ते वास चिकटलेत. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नाही. कामकाजाची भाषा प्रयत्नपूर्वक घडवावी लागते. ‘चालतंय ते चालू द्या’ म्हणत राहिलो असतो तर मराठीत कायद्यावर दोन वाक्यंही लिहिता आली नसती.

काळा कोट
शब्दखूण, कोशाबद्दल आदर आहेच. पण वकील, अशील, करार, मसुदा, तारीख, जामीन हे सगळे अरबीतून आलेले आणि आज घरचे झालेले. कोश झाला, तरी फिर्याद फिर्यादच राहिली. खेड्यातल्या बाईला ‘जामीन’ कळतो, त्याचा संस्कृत प्रतिशब्द ‘प्रतिभू’ म्हटला तर ती माझ्या तोंडाकडे बघेल. भाषा अशिलाला कळली पाहिजे, ही माझी एकच कसोटी.

शब्दखूण
कळायला वेळ द्यावा लागतो. ‘महापौर’, ‘दिनांक’ हेही घडवलेलेच, आज कुणाला खटकतात? आणि धंद्याला तुम्ही कितीही जवळ केलंत तरी फर्मच्या फॉर्मवर ‘धंद्याची जाण: बरी’ असं छापलेलं मला चालणार नाही.

लासलगावकर
का चालणार नाही? धंद्यावर दोन पिढ्या शिकल्या आमच्या. शब्दाला वास आहे तो बघणाऱ्याच्या मनात.

मसुदाकार
वाद थांबवत नाही, पण एक विचारतो. टिपणात मुलांना करून बघायला हे देतोय. एका मोठ्या कंपनीसाठी खरेदी कराराचा मसुदा आहे, त्यात ‘बिल मिळाल्यापासून ९० दिवसांत पैसे’ असं कलम. पुरवठादार लहान उद्योग आहे. मुलाने दोन गोष्टी टिपायला हव्यात. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याने सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये २०२३ साली भर पडल्यापासून, मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्चात धरता येते. म्हणजे ९० दिवसांचं कलम आमच्याच अशिलाला महागात पडू शकतं. हे दाखवणं म्हणजे वाणिज्यभान, व्यवहारभान की जाण? इथे कोणता शब्द बसतो सांगा.

ओवी
भान. मुलाला सगळा उद्योग कळलेला नाही, पण समोरचा लहान आहे हे त्याने पाहिलं.

लासलगावकर
शब्दाचं राहू द्या. पुतण्याचा कांदा वाळवून पावडर करायचा कारखाना आहे, उद्यम नोंदणी आहे, लघू उद्योगात मोडतो. एका बड्या मसाला कंपनीला माल देतो. ऑर्डरवर ९० दिवस लिहिलेत आणि खाली सही त्याचीच. तरी ४५?

काळा कोट
तरी ४५. कायद्याने घातलेली मर्यादा सहीने वाढत नाही. लेखी करारच नसता तर १५ दिवसच.

टेम्सकाठ
हे व्यापाऱ्यालाही लागू होतं का? माझ्या भावाची पुण्यात घाऊक एजन्सी आहे.

काळा कोट
नाही. जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना एमएसएमईत घेतलं, पण ते फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. उशिरा आलेल्या पैशांचं संरक्षण माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. लासलगावकर, पुतण्याला व्याजही मागता येईल. दर महिन्याला चक्रवाढ, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. पण मोठं गिऱ्हाईक तुटेल का, याचा विचार करूनच नोटीस काढायला सांगा.